काचेखालच्या अक्षता

"तुम्ही नोकरीत नेमके काय करत होता?" या प्रश्नाला मी अकरा वर्षे एकच उत्तर देत आले : मी गाडीत डोळे मिटून बसत असे. उत्तर खरे आहे. पण ते ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा असा काही होतो, की पुढचे स्पष्टीकरण माझ्याच्याने देववत नाही. या अंकाच्या संपादकांनी ते स्पष्टीकरण लेखी मागितले. बोलण्यापेक्षा लिहिणे मला बरे पडते, म्हणून होकार दिला, आणि दिल्या दिवसापासून धास्तावले आहे. कारण ज्या एका प्रसंगाशिवाय माझ्या नोकरीची हकीकत अपुरी राहील, तो प्रसंग माझ्या न बोलण्याचा आहे.

मी मूळची निपाणीची. धारवाडला पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले, ध्वनी हा विशेष विषय घेऊन. नंतर लग्न, बंगळुरूच्या बसवनगुडीतले घर, सासूसासऱ्यांची लांबलेली आजारपणे, मुलीचे शिक्षण. पदवीचा कागद कपाटात आणि मी स्वयंपाकघरात, अशी बावीस वर्षे गेली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मुलगी शिकायला परगावी गेली, तेव्हा तिने माझ्या नावाचा अर्ज एका मोटार कंपनीच्या बंगळुरूतील अभियांत्रिकी केंद्राकडे परस्पर पाठवला आणि बोलावणे आल्यावर मला सांगितले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली मुलाखत दिली. बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या तरुणाने आदराने विचारले, "आंटी, बेटे का इंटरव्ह्यू है क्या?" मी "हो" म्हणाले. खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही. दहा मिनिटांनी माझ्या नावाचा पुकारा झाला आणि मला त्याच्यासमोरून उठून आत जावे लागले. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नाही.

कंपनीचे नाव सांगत नाही. ती आपल्या देशातली, जुनी आणि एके काळी भरभराटीची कंपनी होती, एवढे पुरे. तिची गाडी दारात उभी राहणे ही घराला बरे दिवस आल्याची खूण मानली जाई. मी रुजू झाले तेव्हा तिचेच दिवस फिरले होते. ऑफिसचा पत्ता सांगितला की रिक्षावाले मान वळवून कन्नडमध्ये विचारत, "अजून चालू आहे का ती कंपनी?" मी दर वेळी "आहे" म्हणत असे, आवाज मात्र दर वेळी थोडा खाली जाई.

आता कामाविषयी. गाडीचे इंजिन उत्तम असेल, ब्रेक निर्दोष असतील, तरी चालताना दारातून बारीकशी 'चूं' आली, की घेणाऱ्याच्या मनातून ती उतरते. त्याला इंजिनातले कळत नाही. पण 'चूं' कळते, आणि तो सगळ्या गाडीबद्दलच शंका घेऊ लागतो. ही 'चूं' गाडी बाजारात जाण्यापूर्वी शोधून काढणे हे आमच्या विभागाचे काम. यंत्रे होतीच, पण यंत्र आवाज किती मोठा आहे हे सांगते, तो कशाचा आहे आणि माणसाला किती छळेल हे कानालाच सांगावे लागते. खडबडीत रस्त्यावर गाडी चालवणारा चालवी आणि मी मागे डोळे मिटून बसे. आवाज आला की हात त्या दिशेला नेऊन जागा दाबायची. दाबल्यावर आवाज थांबला, की चोर सापडला.

आवाजांची नोंद इंग्रजी शब्दांत करायची पद्धत होती. इंग्रजीत मला चारपाच शब्दच सुचत. मराठीत कुरकुर वेगळी, किरकिर वेगळी. टकटक, टिकटिक, खुळखुळ, खडखड, भणभण, घरघर यांतले एकही दुसऱ्यासारखे नाही. मी माझ्यापुरते वहीत मराठीत लिहू लागले. आमचा विभागप्रमुख अमेय पुण्याचा, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याने एकदा वही पाहिली आणि मी ओशाळून काही बोलणार, तोच म्हणाला, "मॅडम, हे सुपर आहे. ऑफिशियल करू." त्यानंतर तमिळ आणि पंजाबी सहकारीसुद्धा चाचणीच्या अहवालात 'खुळखुळ' असे रोमन लिपीत लिहू लागले. माझ्या नोकरीतला पहिला अभिमानाचा क्षण हा.

विभागाचा एक नियम होता. चाचणीच्या गाडीत बसण्यापूर्वी अंगावरचे जे जे वाजू शकते ते सगळे एका ट्रेमध्ये काढून ठेवायचे : किल्ल्या, नाणी, पेन, घड्याळ, बांगड्या. मी मंगळसूत्रसुद्धा काढून ठेवत असे, आणि दर वेळी मनात सासूबाईंची क्षमा मागत असे. या नियमाचा तक्ता सुवाच्य अक्षरात मीच लिहिला होता आणि ट्रे दारात धरून उभे राहण्याचे कामही हळूहळू माझ्याकडेच आले. वरिष्ठ साहेबांपुढेही मी ट्रे धरी. तोंडाने काही म्हणावे लागत नसे, म्हणून मला ते जमे.

हा नियम अंगवळणी पडण्याचे कारण बंगळुरूच्या शिवाजीनगरचे एक कापडव्यापारी. त्यांच्या नव्या गाडीत सतत टिकटिक येते अशी तक्रार होती. तीनदा गाडी आली, तीनदा आम्ही ती फिरवली, आवाज आला नाही. चौथ्या वेळी ते गृहस्थ स्वतः आमच्याबरोबर बसले आणि म्हणाले, आता मी चालवतो. निघताक्षणी टिकटिक सुरू झाली. मी पाहिले, तर गाडीच्या किल्लीबरोबर दुकानाच्या, गोदामाच्या, घराच्या मिळून दहाबारा किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता आणि प्रत्येक धक्क्याला खालच्या प्लॅस्टिकवर आपटत होता. आमच्याकडे गाडी सोपवताना ते काळजीपूर्वक गाडीची किल्ली तेवढी सोडवून देत. जुडग्याचे हे कारण पहिल्या वळणालाच माझ्या लक्षात आले होते. पण एवढ्या मोठ्या माणसाला त्यांच्याच खिशातला दोष कसा सांगावा, या विचारात आम्ही लालबाग उद्यानाला पूर्ण वळसा घातला. शेवटी मी पुढे वाकून तो जुडगा नुसता मुठीत धरला. आवाज थांबला. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बहेनजी, इतना पेट्रोल जलाने के बाद बताया?"

तेव्हा सगळे हसले, मीही हसले. तो माझ्या स्वभावाचा इशारा होता, हे पुढे कळले.

माझ्या नोकरीच्या पाचव्या वर्षी कंपनीची अवस्था अशी झाली, की दर शुक्रवारी कोणाच्या ना कोणाच्या निरोपाचा केक कापला जाई. कँटीनमधली दुसरी भाजी बंद झाली. तीनपैकी दोन लिफ्ट बंद ठेवल्या जाऊ लागल्या. नव्या एसयूव्हीवर सगळे येऊन ठेपले होते. ही गाडी चालली तर कंपनी राहील, नाही तर नाही, असे कोणी उघड म्हणत नसे. पण जिन्यावरून चढताना धापा टाकत लोक एकमेकांना तेच विचारत : कधी येते आहे? कशी आहे?

गाडी चांगली होती. तिच्या चारपाच बाबींचा आमच्या लोकांना विशेष अभिमान होता आणि त्यांतली एक पुढच्या काचेशी होती. बंगळुरूची पावसाळी भुरभुर सुरू झाली, की काचेवर आतून धुके धरते. ते घालवण्यासाठी डॅशबोर्ड आणि काच जिथे मिळतात तिथे एक लांबट फट असते, तिच्यातून हवा वर येते. आमच्या गाडीत ती फट इतरांपेक्षा रुंद केली होती. काच डोळ्यांदेखत स्वच्छ होई. ही हवा फेकणारा पंखा ज्या मोटारीवर चालतो, ती मोटार आनेकलच्या एका लहान कारखान्यातून येत असे.

तो कारखाना महादेव अण्णांचा. हे चिकोडीकडचे, तीस वर्षांपूर्वी आनेकलला आलेले. घरात मराठी, कारखान्यात कन्नड, बिलांवर इंग्रजी. सीमेकडची माझी भाषा ऐकल्यापासून ते मला अक्का म्हणत, जरी वयाने माझ्यापेक्षा मोठे होते. त्यांच्याकडे प्रत्येक मोटार एका लाकडी खोलीत तपासली जाई. खोलीला आतून गोणपाट लावलेले, मध्ये एक स्टूल, आणि स्टुलावर जयम्मा नावाची बाई. पन्नाशीची, अबोल. मोटार चालू करून ती कानाशी धरी आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवी. मी एकदा तिच्यासमोर बसून वीस मोटारी ऐकल्या होत्या. आम्हा दोघींचे एकही उत्तर निराळे आले नाही. तिला माझी भीड वाटत होती आणि मला तिची.

आमच्या केंद्रासाठी नव्या गाडीचे पहिले दोन नमुने एका शुक्रवारी आले. अमेयने पूजा ठरवली होती. भटजी वाहतुकीत अडकले आणि मुहूर्त टळू लागला. विभागात वयाने मोठी आणि सुवासिनी म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. चारचौघांत पुढे होण्याचा प्रसंग. पहिल्या नमुन्याच्या बॉनेटवर स्वस्तिक काढले, ओवाळले. माझ्या माहेरी वाहनाच्या पूजेत अक्षता आतही वाहतात, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. मी दार उघडून एक मूठ डॅशबोर्डवर वाहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अक्षता ओल्या कुंकवात भिजवून घ्यायच्या असतात, म्हणजे त्या चिकटून राहतात. मी घरून आदल्या दिवशी पुडीत बांधून आणल्या होत्या. त्या खडखडीत वाळल्या होत्या. नंतर फडक्याने डॅशबोर्ड पुसताना मी पाहिले : पाचसहा दाणे काचेकडे घरंगळले आणि त्या रुंद फटीतून एकामागून एक आत गेले.

ज्या गाडीत शिरताना मी लोकांच्या अंगावरचे घड्याळ उतरवून घेत होते, त्या गाडीत मीच मूठभर तांदूळ टाकले होते. बाकी कोणाच्याही हे ध्यानात आले नाही. पूजा ही पूजा, आणि चाचणी ही चाचणी. माझे मन म्हणाले, पाचसहा दाणे, कुठे तरी पडून राहतील. मी फडके घडी करून ठेवले.

सोमवारी कंपनीचे अध्यक्ष आले. गाडी अमेय चालवत होता, अध्यक्ष त्याच्या शेजारी, मी मागे वही घेऊन. बाहेर भुरभुर होती. होसूर रस्त्यावर काच धुकटली, तेव्हा अध्यक्षांनी स्वतः बटण दाबले. हवा वर आली, काच स्वच्छ होऊ लागली, आणि डॅशबोर्डच्या पोटातून आवाज आला. टिक. टिकटिक. मग बारीक खुळखुळ.

अमेयचे कान मागून लाल झालेले मला दिसले. अध्यक्षांनी काही वेळ ऐकले, बटण बंद केले आणि खिडकीबाहेर पाहत शांतपणे एवढेच विचारले, हे कशाचे आहे? अमेय म्हणाला, शोधतो सर.

मला शोधण्याची गरज नव्हती. हलके, टणक, कोरडे काही तरी प्लॅस्टिकच्या पडद्यावर नाचत होते. तो आवाज मी तांदूळ निवडताना हजारदा ऐकला आहे. माझी पेन्सिल वहीवर टेकलेली होती. मी लिहिले : 'खुळखुळ, पुढे, मध्यभागी.' पुढे लिहिले नाही.

हवेच्या बटणाबरोबर आवाज आला, म्हणजे पंख्याची मोटार, असा सगळ्यांनी तर्क केला. तो अवाजवी नव्हता. संध्याकाळी खरेदी विभागातल्या एकाने आवाज फोनवर टिपून घेतला, मग गाडी कार्यशाळेतल्या लिफ्टवर चढवून मोटार बदलली. गाडी खाली आली, बटण दाबले : शांतता. मोटार काढताना झालेल्या हिसक्यांनी दाणे कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन बसले असणार. पण बाकीच्यांच्या दृष्टीने गुन्हा शाबीत झाला होता. मोटार बदलली आणि आवाज गेला, यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा? खरेदी विभागाने त्याच दिवशी दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या पुरवठादाराला फोन केला. निर्णयाची बैठक गुरुवारी ठरली.

सांगायला तेव्हा एक वाक्य पुरले असते. ते मी मनात तीन भाषांत तयार केले आणि अमेयच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेले. एकदा तो फोनवर होता. एकदा तो रिकामा होता, तर मी त्याला रजेचा अर्ज कुठे द्यायचा ते विचारून परत आले. मला रजा नको होती. भीती नोकरीची कमी आणि हसे होण्याची जास्त होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी ज्यांनी मला घेतले त्यांना एक दिवस कळेल, की हिला घ्यायला नको होते, ही धाकधूक मी पहिल्या दिवसापासून पदराआड बाळगून होते. तो दिवस आला असे मला वाटत होते.

मंगळवारी महादेव अण्णा आले. खांद्यावरच्या पंच्यात चार मोटारी गुंडाळून आणल्या होत्या. स्वागतकक्षातल्या काचेच्या टेबलावर त्यांनी त्या एकेक करून मांडल्या.

"अक्का, जरा ऐका की. आमची मोटार वाजत नाही बगा, स्वल्पसुद्धा नाही. तुमचा कान काय म्हणतोय तेवढं सांगा. तुमचं ऐकतेत हितं."

मी चारही ऐकल्या. चारही स्वच्छ होत्या. मी म्हणाले, "अहवाल विभागाचा असतो, अण्णा. मी एकटी काय सांगणार?"

त्यांनी पंचा टेबलावर पसरला. मग मोटारी पुन्हा पंच्यात बांधता बांधता म्हणाले, की ऑर्डर गेली तर कारखान्याचा अर्धा भाग बंद ठेवावा लागेल, आणि कोणाला घरी पाठवायचे याची यादी करायला त्यांच्या हाताला पेन धरवत नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. गावाकडच्या बाईला गावाकडची बातमी सांगावी तसे सांगितले.

बुधवारी मी माझ्या जागेवर बसून राहिले. टेबलावर सहीला आलेले कागद एकामागून एक सही करून परत पाठवले. काय होते ते वाचल्याचे आठवत नाही. दुपारचा डबा उघडला, तर भात होता. तो मी तसाच बंद केला.

गुरुवारच्या बैठकीला मुख्य अभियंता सूद साहेब होते, अमेय होता, खरेदी विभागाचे दोघे होते, आणि दाराजवळच्या खुर्चीवर, पंचा मांडीवर धरून, महादेव अण्णा. त्यांना बोलावले होते, बोलायला मात्र कोणी सांगत नव्हते. खरेदीचे गृहस्थ नव्या पुरवठादाराची माहिती पडद्यावर दाखवू लागले. चौथ्या पानाला मी उभी राहिले. तयार केलेले वाक्य तिन्ही भाषांतून नाहीसे झाले होते.

"सर," मी म्हणाले, "एक बार गाडी के पास चलेंगे?"

माझ्या पर्समध्ये ती पुडी होती. शुक्रवारपासून होती; रोज सकाळी मी ती बाहेर काढून पुन्हा आत ठेवत होते. दुसऱ्या नमुन्याची गाडी आवारात उभी होती, तिची पूजा झालेली नव्हती आणि तिच्यात आनेकलचीच मोटार होती. मी दार उघडले, मूठभर अक्षता डॅशबोर्डवर टाकल्या आणि कुठल्याही घरात पुसतात तशा फडक्याने पुसल्या. काही दाणे फटीत गेले. अमेयला म्हटले, आवारातल्या गतिरोधकावरून तीन फेऱ्या मार आणि काचेची हवा चालू कर. त्याने काही न विचारता तसे केले. काचा उघड्या होत्या. बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकले. टिक. टिकटिक. खुळखुळ.

सूद साहेबांनी विचारले, "ये क्या है?"

"चावल, सर. पहिल्या गाडीत मीच टाकले होते. शुक्रवारी. आत जाताना पाहिलेही होते."

पहिल्या दोन शब्दांनंतरचे सगळे मराठीत आले. ते साहेबांना कोणी तरी समजावून सांगितले. अमेय गाडीतून उतरला आणि त्याने दार हळू लावले.

"सोमवारपासून तुम्हाला माहिती होतं?"

मी मान हलवली.

"मॅडम, तीन दिवस?" तो म्हणाला. मग थांबून, अगदी खालच्या आवाजात, "आमच्यासमोर ट्रे तुम्हीच धरता ना."

त्यानंतर मला अनेकांनी अनेक वेळा समजावले, धीर दिला, कौतुकही केले. लक्षात राहिले आहे ते हे वाक्य.

सूद साहेब मात्र गाडीच्या खिडकीतून डोके आत घालून फटीकडे पाहत होते. त्यांनी विचारले, घेणाऱ्यांपैकी किती लोक असे करतील? मग तेच म्हणाले, की त्यांच्या लुधियानाच्या घरीही नव्या गाडीला टिळा लावून तांदूळ वाहतात. आम्ही ही गाडी वाळवंटात नेली होती, बर्फात नेली होती, तिच्यावर धूळ आणि पाणी मारले होते. तिची पूजा करून पाहावी असे एवढ्या अभियंत्यांत कोणाच्याही डोक्यात आले नव्हते. शोरूममधून बाहेर पडण्यापूर्वीच जवळजवळ प्रत्येक गाडी वाजू लागली असती, आणि प्रत्येक घरात ती अपशकुनी ठरली असती.

फटीखाली बारीक जाळी बसवण्याचे ठरले. आठवड्याभरात ती बसली. नवा पुरवठादार पडद्यावरच राहिला. महादेव अण्णा निघताना माझ्याजवळ थांबले. काही तरी बोलतील असे वाटले. "येतो अक्का," एवढेच म्हणाले.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी चालली. तिच्या इंजिनाविषयी, रंगाविषयी, रुंद छताविषयी वर्तमानपत्रांत भरभरून आले. जाळीविषयी आले नाही, येण्याचे कारणही नाही. कँटीनमध्ये दुसरी भाजी परतली, तिन्ही लिफ्ट चालू झाल्या. पत्ता सांगितल्यावर रिक्षावाला मागे वळून विचारू लागला, "अक्का, ती गाडी लवकर मिळेल का? माझ्या मेहुण्याने बुक केली आहे." मला ओरडले नाहीत, काढले नाही. आतल्या लोकांनी त्या जाळीला माझे नाव दिले. ते ऐकले की मी दुसऱ्या जिन्याने जात असे.

दीड महिन्याने धीर करून आनेकलची बस धरली. कारखाना पूर्ण चालू होता. महादेव अण्णांनी चहा मागवला, मुलाच्या लग्नाची पत्रिका दाखवली. मी विचारले, जयम्मा कुठे आहे? लाकडी खोलीची जागा मोकळी होती. तिथे एक राखाडी यंत्र होते, मायक्रोफोन आणि पडदा असलेले.

"ती आता प्याकिंगला हाय. कंपनीचा कागद आला नव्हं का सगळ्या कारखान्यांना, मोटारीची तपासणी माणसाच्या कानावर ठेवायची नाही म्हणून. बुधवारी आला. बेस्तवारी तुम्ही सगळं सांगितलं खरं. पण कागद तो कागद."

मी म्हणाले, तो कागद रद्द करायला हवा होता, कोणी पाठवला? अण्णांनी फाईल काढून माझ्यासमोर उघडी धरली. खाली ध्वनी विभागाची संमती म्हणून जी सही होती, ती माझी होती.

जयम्मा मागच्या खोलीत खोकी बांधत होती. मला पाहून उभी राहिली. मी कन्नडमध्ये, अडखळत, सगळे सांगितले : पूजा, दाणे, तीन दिवस, सही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्या आठवड्यात तुमच्या खरेदी विभागाचा अधिकारी इथे आला होता, तेव्हा त्याने फोनवर टिपलेला तो आवाज ऐकवला होता. मी त्याला तेव्हाच म्हटले, ही मोटार नव्हे, हा तांदूळ आहे. त्याने वहीत काही तरी लिहिले. मला वाटले, तेच लिहिले."

तिच्या स्वरात राग नव्हता. बोलता बोलता तिने एक मोटार उचलली, बोटाने पंखा फिरवला, क्षणभर कानाशी धरली आणि खोक्यात ठेवली. आता कोणी सांगितले आहे का ऐकायला, असे मी विचारले. तिने नकारार्थी मान हलवली आणि पुढची उचलली.

परतीच्या बसमध्येच मी तो कागद दुरुस्त करणाऱ्या पत्राचा मजकूर लिहून काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, केबिनच्या दाराशी न घुटमळता, अमेयच्या हातात दिला. त्याने वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि सही केली. यंत्र हलले नाही. एकदा आलेले यंत्र हलत नसते. पण त्याच्या शेजारी स्टूल परत आले आणि त्यावर जयम्मा. मतभेद झाला तर यंत्राचा शब्द शेवटचा, असा नियम वरिष्ठांच्या सांगण्यावरून पुढे पत्रात घालावा लागला. मला तो मान्य नव्हता, तरी मी घालू दिला.

त्या वर्षीच्या दसऱ्यातल्या आयुधपूजेला अण्णांनी आग्रहाने बोलावले. कारखाना झेंडूने भरला होता, दारात कोहळा फुटला होता. यंत्राची पूजा जयम्माने केली. हळद लावली, कुंकू लावले, दिवा ओवाळला. मग अक्षतांची वाटी हातात घेतली आणि थांबली. यंत्राच्या चारी बाजूंनी फिरून तिने कुठे फट आहे का ते पाहिले. वाटीत पाण्याचे चार थेंब टाकून कुंकू कालवले, दाणे चांगले माखून घेतले, आणि त्यांतला एकच उचलून अंगठ्याने यंत्राच्या कपाळावर दाबून बसवला. बोट काढून दोन क्षण पाहिले. मग माझ्याकडे वळली. आमची एवढ्या वर्षांची ओळख. पण तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"इदु बीळल्ल, अक्का," ती म्हणाली. हा पडायचा नाही.